प्रभूच्या येण्याची तयारी: नेमकं काय करायचं

शेवटच्या काळाविषयी कानावर पडतं ते बहुतेक चिन्हांविषयी असतं. युद्धं, भूकंप, ख्रिस्तविरोधक कोण, दहा शिंगं म्हणजे कुठले देश. येशूचा भर मात्र दुसरीकडे होता. मत्तय २४ मध्ये शिष्य विचारतात, हे केव्हा होईल? तो त्यांना आधी फसवणुकीपासून सावध करतो, छळाची कल्पना देतो, आणि ३६व्या वचनात सांगून टाकतो की तो दिवस व ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. तिथून २५व्या अध्यायाच्या शेवटापर्यंत तो एकामागून एक माणसं समोर उभी करतो: ज्याचं घर फोडलं जातं तो घरधनी, धनी उशीर करतोय म्हणून सोबतच्या दासांना मारणारा कारभारी, दहा कुमारी, रक्कम सोपवलेले तीन दास, मेंढरं आणि शेरडांसारखी वेगळी केलेली माणसं. आकाशाकडे डोळे लावून बसलेला यांत एकही नाही. शाबासकी मिळते ती नेमून दिलेल्या कामावर सापडलेल्यांना.

पुढची सगळी रीत यावरच उभी आहे. तारीख कळली असती तर घाईघाईने जे बदललं असतं, ते आज बदलायचं. आणि रोजचं जगणं असं बसवायचं की तारीख कळली तरी त्यात फारशी उलथापालथ करावी लागू नये.

आधी वाचन, तेही क्रमाने

नवखा माणूस थेट प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक उघडतो, तेराव्या अध्यायातल्या श्वापदापाशी अडकतो आणि मग कुणाच्या तरी व्हिडिओच्या हवाली होतो. त्याऐवजी सुरुवात लूक १२:३५-४८ पासून करा. चौदाच वचनं आहेत, पण कंबर बांधून दिवे पेटते ठेवणं म्हणजे काय हे तिथे सगळं आहे. दुसऱ्या दिवशी मत्तय २४ आणि २५ एका बैठकीत, मोठ्याने. एकूण ९७ वचनं, साधारण पंधरा मिनिटं लागतात. हे दोन अध्याय तोडून वाचले की हमखास गोंधळ होतो, कारण चोविसाव्यात इशारे आहेत आणि त्यांवर काय करायचं ते पंचविसाव्यात. मग थेस्सलनीकाकरांस दोन्ही पत्रं (पाच आणि तीन अध्याय), त्यानंतर पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय आणि रोमकरांस १३:८-१४.

प्रकटीकरण सगळ्यांत शेवटी. बावीस अध्याय, ४०४ वचनं. मोठ्याने वाचायला सव्वा ते दीड तास लागतो. १:३ मध्ये वाचून दाखवणारा, ऐकणारे आणि पाळणारे अशा तिघांना धन्य म्हटलं आहे, म्हणजे पुस्तक एकत्र बसून ऐकण्यासाठीच आहे. घरातल्या दोघातिघांनी आळीपाळीने वाचावं. पहिल्या वाचनात टीपा, तक्ते, भाष्य काहीही उघडायचं नाही. दुसऱ्या वाचनात पेन्सिलीने फक्त तीन गोष्टींखाली रेघ मारा: सिंहासन, कोकरा (म्हणजे ख्रिस्त), आणि जिथे जिथे गायन चालू आहे ती जागा. एवढं केलं की श्वापदाला पुस्तकात खरी जागा किती आहे ते आपोआप कळतं. दानीएल ७ ते १२ आणि जखऱ्या १२ ते १४ त्यानंतर.

मतभेदांचं थोडक्यात. ३२५ सालचा निकियाचा विश्वासांगीकार आणि ३८१ साली त्याला मिळालेलं विस्तारित रूप एवढं ठामपणे सांगतं: तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास पुन्हा येईल, मेलेल्यांचं पुनरुत्थान होईल, त्याच्या राज्याचा अंत होणार नाही. यावर जुन्या-नव्या सगळ्या मुख्य मंडळ्यांचं एकमत आहे. प्रकटीकरण २० मधली ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षं त्याच्या येण्यानंतरची, येण्याआधीची, की धर्मपंडित ऑगस्टीनने पाचव्या शतकात मांडलं तसं मंडळीचा आत्ताचाच काळ, यावर एकमत नाही. विश्वासणारे शेवटच्या काळातल्या मोठ्या संकटाआधी स्वर्गात उचलले जातील ही शिकवण १८३०च्या दशकापासून जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकामुळे पसरली. ती काही मंडळ्या मानतात, काही मानत नाहीत. तुमच्या मंडळीचं मत पाळकांना विचारून घ्या. मात्र खालची एकही पायरी त्यामुळे बदलत नाही. संकटाआधी जाणार असं मानणाऱ्यालाही जागं राहायला सांगितलं आहे, आणि संकटातून जाणार असं मानणाऱ्याला लागणारा टिकाव याच सवयींतून येतो. या प्रश्नावरून ज्यांनी एकमेकांशी बोलणं सोडलं आहे त्यांनी खालचा समेटाचा भाग आधी वाचावा.

रोजचं: सकाळी पाच मिनिटं, रात्री पंधरा

सकाळी प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा आणि "तुझे राज्य येवो" या ओळीवर थांबा. पुनरागमनाची ही रोजची प्रार्थना आहे, पण सवयीमुळे ती जिभेवरून घसरून जाते. मग मत्तय २४:४५ आठवा. विश्वासू दासाचं काम तिथे एका ओळीत आहे: घरच्या लोकांना वेळेवर अन्न देणं. आज माझ्याकडून कुणाला काय वेळेवर मिळायला हवं, अशी तीन नावं कागदावर लिहा. आईचं औषध, हाताखालच्या माणसाचा पगार, मुलाला दिलेला शब्द, आजारी मित्राला फोन. आध्यात्मिक वाटेल असं काही शोधत बसू नका; जे खरोखर तुमच्यावर सोपवलेलं आहे तेच लिहा. तीनपेक्षा जास्त नको. सात-आठ नावांची यादी दुपारपर्यंत विसरली जाते.

रात्रीसाठी येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१-१५५६) याने घालून दिलेली पाच टप्प्यांची तपासणी आजही सर्वांत वापरायला सोपी आहे, आणि ती कुठल्याही पंथाच्या ख्रिस्ती माणसाला चालते:

१. आज मिळालेल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार, नावानिशी.
२. आपलं पाप दिसावं म्हणून प्रकाश मागणं.
३. उठल्यापासून आत्तापर्यंतचा दिवस तासातासाने डोळ्यांखालून घालणं: विचार, बोलणं, कृती.
४. जे चुकलं त्याबद्दल क्षमा मागणं.
५. उद्यासाठी एक दुरुस्ती ठरवणं, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना.

हे अंथरुणावर पडून करू नका, तिसऱ्या टप्प्याआधीच झोप लागते. खुर्चीवर बसा, दिवा चालू ठेवा. पहिला टप्पा गाळला की तपासणीचं रूपांतर नुसत्या झोडपणुकीत होतं आणि दोन आठवड्यांत माणूस ती सोडून देतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मोघमपणा. "मी पापी आहे, मला क्षमा कर" हे खरं असलं तरी त्यातून काहीही बदलत नाही. "दुपारी हिशेब विचारला तेव्हा मी खोटं बोललो" असं म्हणता आलं पाहिजे. दुरुस्ती एकच ठरवा आणि ती अशी असावी की उद्या रात्री "केली" किंवा "नाही केली" एवढंच उत्तर देता येईल. "जास्त प्रेमळ होईन" ही दुरुस्ती नव्हे.

काहींचं उलट होतं. क्षमा मागून झालेलं तेच पाप ते रोज पुन्हा उकरतात, आपलं तारण झालंच नाही या भीतीने तासतास घालवतात. अशांनी घड्याळ लावून दहा मिनिटांत तपासणी संपवावी, १ योहान १:९ एकदा वाचावं, कबूल केलेलं पाप पुन्हा यादीत घेऊ नये, आणि हे एकट्याने न हाताळता पाळकांना किंवा फादरांना सांगावं. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत यासाठी पापनिवेदनाचा संस्कार आहेच. इतरांनी याकोब ५:१६ प्रमाणे एक परिपक्व, तोंड बंद ठेवणारी व्यक्ती निवडावी आणि महिन्यातून एकदा तिच्यासमोर बसावं.

दहा कुमारींच्या दाखल्यात एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते: दहाही जणींना झोप लागली. शहाण्या पाच जणीसुद्धा झोपल्या आणि त्याबद्दल त्यांना कुणी बोल लावला नाही. फरक फक्त भांड्यातल्या जादा तेलाचा होता. म्हणजे जागं राहणं याचा अर्थ सतत ताणात राहणं नव्हे. रात्री शांत झोपणं तयारीत बसतं. तेल म्हणजे काय यावर भाष्यकारांची मतं वेगवेगळी आहेत, कुणी सत्कर्मं म्हणतात, कुणी पवित्र आत्मा, कुणी विश्वास. पण ते ऐन वेळी दुसऱ्याकडून मागून घेता येत नाही एवढं त्या गोष्टीत स्वच्छ आहे. स्वतःला तपासायचं तर असं बघा: मंडळी, प्रार्थनागट, घरातली भक्तिमान व्यक्ती या सगळ्यांपासून आठवडाभर दूर राहावं लागलं, तर तुमची प्रार्थना आणि वाचन चालू राहील का? नाही राहिलं, तर ते उसनं आहे. मग बाकी सगळं बाजूला ठेवून आधी सकाळची पाच मिनिटं पक्की करा.

माणसांशी हिशेब

या भागाला सगळ्यांत जास्त वेळ लागतो आणि लोक सगळ्यांत जास्त तोच टाळतात. रोमकरांस १३ मध्ये आठव्या वचनात पौल म्हणतो की प्रीतीखेरीज कोणाचं काही देणं ठेवू नका, आणि लगेच अकराव्यात म्हणतो, झोपेतून उठायची वेळ आली आहे. दोन्ही एकाच दमात आहेत.

एका कागदावर तीन रकाने करा: नाव, काय घडलं, मी काय करायचं आहे. पहिल्या रकान्यात तुम्ही ज्यांच्यावर रागावला आहात ते आधी लिहू नका; मत्तय ५:२३-२४ चा रोख ज्याच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे त्याच्याकडे आहे. म्हणून तुमच्यामुळे दुखावलेले, तुम्ही बुडवलेले, ज्यांच्याविषयी तुम्ही खोटं पसरवलं ते वर. तुमचे देणेकरी खाली.

पैशाचं देणं असेल तर नियमशास्त्रात प्रमाण दिलं आहे: लेवीय ६ आणि गणना ५ प्रमाणे मुद्दल अधिक त्याचा पाचवा भाग. दहा हजार लबाडीने घेतले असतील तर बारा हजार परत. जक्कय या जकातदाराने चौपट देऊ केलं (लूक १९:८), पण ती त्याने स्वतःहून दिलेली भर होती. तिचा नियम करून स्वतःला किंवा दुसऱ्याला अडवू नका. माणूस हयात नसेल तर वारसांना द्या. वारसही सापडत नसतील तर गणना ५:८ च्या धर्तीवर देवाच्या कामाला किंवा गरजवंताला, तुमचं नाव न लावता. सगळं एकदम देणं शक्य नसेल तर हप्ता ठरवून पहिली रक्कम याच आठवड्यात द्या. नुसतं "देईन" म्हणणं यादीतून खोडायला पुरेसं नाही. नियमित हप्ते चालू असलेलं कर्ज म्हणजे आज्ञाभंग नव्हे. कर्ज घेऊन टाळाटाळ करणं तो आहे. आणि प्रभू येणारच आहे, फेडायचं कुणाला, या हिशेबाने कर्ज काढणं ही तर सरळ चोरी.

क्षमा मागताना वाक्यं तीनच: मी अमुक केलं, ते चूक होतं, मला क्षमा करा. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर" हे शब्द आले की माफी संपते आणि वाद सुरू होतो. कारणमीमांसा द्यायची नाही, समोरच्याची चूक काढायची नाही, लगेच उत्तर मागायचं नाही. शक्य असेल तर समोरासमोर, नाहीतर फोन, संदेश लिहून पाठवणं शेवटचा पर्याय, कारण त्यात आवाज ऐकू येत नाही आणि तो दुसऱ्यांना दाखवला जातो. समोरचा नाही म्हणाला तर काही आठवड्यांनी आणखी एकदा जा, आणि मग सोडून द्या. रोमकरांस १२:१८ मध्ये "तुमच्याकडून होईल तितकं" अशी मर्यादा घातलेलीच आहे.

काही नावांकडे एकट्याने जायचं नसतं. ज्याने मारहाण किंवा अत्याचार केला त्याच्याकडे पीडित व्यक्तीने समेटासाठी परत जावं अशी अपेक्षा मत्तय ५:२३-२४ मध्ये नाही. मनातून क्षमा करणं आणि कायदेशीर तक्रार चालू ठेवणं एकत्र चालू शकतं. विवाहबाह्य संबंधासारखी गोष्ट जोडीदाराला सांगण्याआधी पाळक किंवा समुपदेशकाशी बोला, नाहीतर आपलं ओझं उतरवण्याच्या नादात ते दुसऱ्याच्या डोक्यावर आदळतं.

सात मंडळ्या, सात दिवस

प्रकटीकरणाचे दुसरा आणि तिसरा अध्याय, म्हणजे सात मंडळ्यांना लिहिलेली सात पत्रं, हे आत्मपरीक्षणासाठीच लिहिलेले आहेत, तरी भविष्याच्या तक्त्यांच्या गर्दीत ते वाया जातात. वर्षातून दोनदा एक आठवडा काढा आणि रोज एक पत्र वाचा. प्रत्येकासाठी एक प्रश्न पुरतो.

इफिस कष्टाळू होती, खोट्या प्रेषितांना तिने ओळखलं, पण पहिली प्रीती सोडली. प्रश्न: काहीही न मागता नुसतं देवासमोर शेवटचं कधी बसलो? उपाय २:५ मध्ये आहे, आठव, पश्चात्ताप कर, आणि पहिली कृत्यं पुन्हा कर. तिसऱ्या पायरीकडे लक्ष द्या: भावना परत येण्याची वाट बघायला सांगितलेलं नाही, कृत्यं करायला सांगितलं आहे. स्मुर्णा: काय गमवावं लागेल याची मला सर्वांत जास्त भीती आहे? पर्गम: फायद्यासाठी किंवा चारचौघांत बसता यावं म्हणून मी कुठे नमतं घेतो? थुवतीरा: उपयोगी माणूस आहे म्हणून कुणाच्या वाईट वागण्यावर मी गप्प आहे?

सार्दीससाठी दोन दिवस दिले तरी चालतील. जिवंत असल्याचं तिचं नाव होतं, प्रत्यक्षात ती मेलेली होती; तिची कामं पूर्ण झालेली आढळली नाहीत. जागी हो, नाहीतर चोरासारखा येईन, हे ३:३ मध्ये तिलाच सांगितलं आहे. इथे सुरू करून अर्धवट सोडलेल्या जबाबदाऱ्यांची यादी करा आणि त्यांतली सर्वांत लहान आधी पुरी करा. सर्वांत मोठी आधी घेतली की यादी तशीच राहते. फिलदेल्फिया: शक्ती थोडी आहे म्हणून कुठलं उघडं दार मी ओलांडलं नाही? लावदिकीया: या आठवड्यात मला देवाची गरज नेमकी कुठे भासली? उत्तर सापडत नसेल तर तेच उत्तर. सातांपैकी फक्त स्मुर्णा आणि फिलदेल्फिया यांना दोष दिलेला नाही, आणि त्या दोन्ही छळलेल्या, दुबळ्या होत्या.

आठवड्याचं आणि महिन्याचं

इब्री १०:२५ म्हणतं, तो दिवस जवळ येताना दिसतो म्हणून एकत्र जमणं अधिकच करा. डिडाखे हे फार जुनं ख्रिस्ती लिखाणही आपल्या सोळाव्या, शेवटच्या प्रकरणात दिवे विझू देऊ नका म्हणतं आणि लगोलग वारंवार एकत्र जमायला सांगतं. म्हणून शेवटचा काळ आला, मंडळ्या भ्रष्ट झाल्या, आता घरीच बसू, ही तयारी नव्हे. प्रभुभोजनाला जाताना १ करिंथ ११:२६ लक्षात ठेवा: तो येईपर्यंत त्याच्या मरणाची घोषणा. आदल्या रात्रीची तपासणी त्या दृष्टीने थोडी लांब करा.

उपासाचा संबंध थेट वाट पाहण्याशी आहे. नवरदेव त्यांच्यापासून काढून नेला जाईल तेव्हा शिष्य उपास करतील, असं मार्क २:२० मध्ये येशूनेच म्हटलं. आठवड्यातून एक दिवस, एक जेवण सोडा, पाणी प्या, ती वेळ प्रार्थनेला आणि त्या जेवणाचा खर्च भुकेल्याला द्या. मधुमेही, गरोदर व स्तनदा स्त्रिया, खाण्याचे विकार असलेले आणि नियमित औषधं घेणारे यांनी अन्नाऐवजी एक दिवस फोनवरची करमणूक सोडावी.

महिन्याची मोजणी मत्तय २५:३५-३६ वरून करा. कामं सहा आहेत: भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. दर महिन्याला एक घेतलं तर वर्षात प्रत्येक काम दोनदा होतं. तुरुंगभेट परवानगीशिवाय होत नाही, तेव्हा अशा सेवेत असलेल्या मंडळीमार्फत जा, किंवा बाहेर राहिलेल्या कुटुंबाची काळजी घ्या. न्यायाच्या त्या प्रसंगात उजवीकडे ठेवलेल्या माणसांना आपण केव्हा हे केलं ते आठवतही नव्हतं, म्हणून फोटो काढून टाकू नका.

तारीख सांगणारा भेटला तर

थेस्सलनीकात आपल्या नावाने पत्र फिरू शकतं याची पौलाला कल्पना होती: प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे असं सांगणारं पत्र जणू आमच्याकडून आलं तरी घाबरू नका, असं तो २ थेस्सलनीका २:२ मध्ये लिहितो. फॉरवर्ड ही जुनीच गोष्ट आहे.

संदेशात दिवस, महिना किंवा वर्ष असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही. मार्क १३:३२ आणि प्रेषितांची कृत्ये १:७ तिथेच उत्तर देतात. "दिवस नाही पण हंगाम कळतो" ही पळवाटही तीच. तारीख नसेल तर दिलेलं वचन त्याच्या पूर्ण अध्यायासकट वाचा. मग विचारा: हा अर्थ पहिल्या वाचकांना, छळ सोसणाऱ्या त्या सात मंडळ्यांना, काही कामाचा होता का? आजच्या बातम्यांशिवाय ज्याला अर्थच नाही असं भाष्य उद्या बातमी बदलली की बदलतं. सांगणाऱ्याचं आधीचं एखादं भाकीत चुकलं असेल तर अनुवाद १८:२२ लागू: सांगितलेलं घडलं नाही तर ते परमेश्वराचं वचन नव्हे, त्या माणसाला भिऊ नका. आणि घर विका, औषध बंद करा, कुटुंब सोडा, कुणाला सांगू नका, यांतलं एकही ऐकू आलं तर त्याच दिवशी वडीलजनांपर्यंत पोहोचवा. बाकी संदेश आठवडाभर बाजूला ठेवून पाळकांना दाखवा. १ थेस्सलनीका ५:२०-२१ संदेशांना तुच्छ लेखू नका म्हणतं आणि पारखाही म्हणतं.

इतिहास पुरेसा बोलका आहे. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, काहींनी शेतातलं पीक तसंच उभं ठेवलं. दक्षिण कोरियात २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख पसरली. त्या पंथाच्या नेत्याने घेतलेल्या रोख्यांची मुदत जाहीर केलेल्या तारखेनंतर संपत होती, आणि फसवणुकीबद्दल तो तुरुंगात गेला. २०११ मध्ये हॅरोल्ड कॅम्पिंग या अमेरिकन रेडिओ उपदेशकाने २१ मे आणि मग २१ ऑक्टोबर सांगितलं. पुढच्या वर्षी त्याने चूक कबूल केली, पण तोवर काहींची जमापुंजी त्या प्रचारात संपली होती. तारीख सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारून बघा: पुढच्या वर्षीचं घरभाडं कोण भरणार आहे?

अशी तारीख टळून गेल्यावर जो माणूस समोर येतो त्याला हसू नका. त्याची नोकरी, पैसे, नातेवाईक, कशाचं नुकसान झालं ते आधी विचारा आणि तिथे मदत करा. शिकवण नंतर सुधारता येते.

ज्या चुका वारंवार होतात

काम सोडणं ही सर्वांत जुनी. थेस्सलनीकातल्या काहींनी हातावर हात ठेवले, तेव्हा शांतपणे काम करून स्वतःचं अन्न खा असं पौलाने लिहिलं (२ थेस्सलनीका ३:१०-१२). मुलांचं शिक्षण, विमा, उपचार, घराची डागडुजी सगळं चालू ठेवायचं. साठेबाजी ही दुसरी. आपत्तीसाठी काही दिवसांचं अन्न-पाणी ठेवण्यात गैर काही नाही, पण लूक १२ मध्ये जागं राहण्याच्या शिकवणीआधीच मोठी कोठारं बांधणाऱ्या मूर्ख धनवानाची गोष्ट येते. योसेफाने मिसरात पाचवा भाग साठवला तो दुष्काळात सगळ्यांना अन्न मिळावं म्हणून. तुमच्या साठ्यात शेजाऱ्याचा वाटा धरलेला आहे का, एवढं बघा.

श्वापदाच्या खुणेची (प्रकटीकरण १३ प्रमाणे उजव्या हातावर किंवा कपाळावर घ्यायला लावलेली खूण) भीती बारकोड, लस, ओळखपत्र अशा एकामागून एक गोष्टींना चिकटत आली आहे. प्रकटीकरण १३ आणि १४:९ एकत्र वाचा: खूण श्वापदाच्या उपासनेशी बांधलेली आहे, आणि १४:१ मध्ये कोकऱ्याच्या लोकांच्या कपाळावर त्याचं व पित्याचं नाव आहे. प्रश्न निष्ठेचा आहे. नकळत, फसून, दवाखान्यात ती कुणाला लागत नाही. त्या भीतीने उपचार नाकारू नका.

मुलांना "तू मागे राहशील" असा धाक कधीही दाखवू नका. घरात कोणी दिसलं नाही की सगळे उचलले गेले असं वाटून रडणारी मुलं अशाच धाकातून तयार होतात. मुलांना आधी सांगायचं की येणारा तोच आहे ज्याने बालकांना कवेत घेऊन आशीर्वाद दिला (मार्क १०:१६). मग नवी पृथ्वी आणि पुसलेले अश्रू (प्रकटीकरण २१:४). न्यायाचं सविस्तर बोलणं ती मोठी झाल्यावर. मोठ्यांपैकीही कुणाची झोप उडाली असेल, दिवसातून अनेकदा बातम्या चाळणं थांबत नसेल, तर महिनाभर भविष्यवाणीचे व्हिडिओ पूर्ण बंद आणि रोज योहान १४:१-३ व १ थेस्सलनीका ४:१३-१८. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जा. हा विश्वासाचा तुटवडा नसून आजार असू शकतो.

वर्षातून एकदा

पाश्चात्त्य मंडळ्यांत आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे साधारण चार आठवडे, २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये येणाऱ्या रविवारी सुरू होतो, आणि त्याचा पहिला भाग नाताळपेक्षा पुनरागमनाचा असतो. कॅथलिक उपासनेत १६ डिसेंबरपर्यंतचा सूर हाच. चार आठवड्यांसाठी जुन्या प्रवचनांचे चार विषय आहेत: मृत्यू, न्याय, नरक, स्वर्ग. प्रभू आपल्या हयातीत आला नाही तरी पहिला विषय सर्वांना गाठतोच, म्हणून पहिल्या आठवड्यात कागदपत्रं नीट करा: मृत्युपत्र, देणी-घेणी, लहान मुलांची किंवा वृद्धांची जबाबदारी कुणावर, अंत्यविधीविषयी इच्छा, आणि हे सगळं कुठे ठेवलं आहे ते माहीत असलेली एक विश्वासू व्यक्ती. दुसऱ्या आठवड्यात तीन रकान्यांची यादी बाहेर काढा. तिसऱ्यात मत्तय २५:४१-४६ वाचून सहांपैकी वर्षात न केलेल्या कामांचा हिशेब घ्या. चौथ्यात प्रकटीकरण २१ आणि २२ घरच्यांसोबत मोठ्याने वाचा.

यादीवर तारीख टाकून ती बायबलमध्ये ठेवा. पुढच्या आगमनकाळात गेल्या वर्षीचंच एखादं नाव तिच्यावर अजून असेल, तर नवी यादी करण्याआधी त्या माणसाला फोन करा.